कोकणात अंत्यविधीच्या खर्चासाठी मदत कुठून मिळते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या वाड्यांमधून जे प्रश्न नेहमी विचारले जातात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. घरात मृत्यू झाला असेल आणि तुम्ही आत्ता घाईत असाल, तर पहिली सहा उत्तरं आधी वाचा. बाकीची उत्तरं चार दिवसांनी वाचली तरी चालतील; फक्त माणूस रानटी जनावराच्या हल्ल्यात किंवा समुद्रात गेला असेल तर ते उत्तर आजच वाचा.

अंत्यविधीसाठी सरकार थेट पैसे देतं का?

फक्त अंत्यविधीसाठी, सगळ्यांना लागू असलेली योजना महाराष्ट्रात नाही. कामगार विमा, बांधकाम कामगार मंडळ अशा काही ठिकाणी अंत्यविधीची वेगळी रक्कम असते. बाकी ठिकाणी मिळते ती मृत्यूनंतर कुटुंबाला दिलेली मदत. पण ही कुठलीही रक्कम त्या दिवशी हातात पडत नाही. आठवडे लागतात, कधी महिने. त्यामुळे त्या दिवसाचा खर्च वाडीच्या, भावकीच्या, मंडळाच्या बळावर उरकायचा, आणि पहिल्या काही दिवसांतली कागदपत्रं नीट करून घ्यायची, कारण नंतर येणारा प्रत्येक रुपया त्या कागदांवर येतो. सावकाराचं किंवा मायक्रोफायनान्सचं कर्ज काढून थाटात उत्तरकार्य करायचं आणि पंचनाम्याकडे दुर्लक्ष करायचं, हा उलटा हिशोब बऱ्याच घरांना वर्षानुवर्षं नडतो.

मग त्या दिवशी पैसे कुठून आणायचे?

आधी वाडीच्या अध्यक्षांना किंवा गावकारांना स्पष्ट सांगा की घरात पैसे नाहीत. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. कोकणातल्या बहुतेक वाड्यांत सरणाची लाकडं, तिरडीचे बांबू आणि खांदा देणारी माणसं पैसे न मोजता मिळतात. घरटी एक-दोन ओंडके आणायची रीत अजून पुष्कळ ठिकाणी आहे. एका सरणाला साधारण 300 ते 400 किलो लाकूड लागतं. पावसाळ्यात ओल्या लाकडामुळे जास्त लागतं आणि खर्च तिथेच वाढतो. ज्या वाडीने स्मशानशेडच्या कडेला, पत्र्याखाली, जमिनीपासून हातभर उंच मांडणी करून मे महिन्यातच फाटी रचून ठेवली आहेत, तिथे आषाढातल्या मुसळधार पावसातही कुणाला लाकडाच्या वखारीचं दार ठोठवावं लागत नाही. तुमच्या वाडीत अशी सोय नसेल तर पुढच्या ग्रामसभेत विषय घ्या. स्मशानशेड आणि तिथल्या सोयींसाठी जनसुविधा योजनेतून निधी मागता येतो.

दुसरा आधार म्हणजे मुंबई मंडळ. चाकरमान्यांच्या बऱ्याच ग्रामस्थ मंडळांत सभासदाच्या घरी मृत्यू झाला की ठरावीक रक्कम द्यायची पद्धत असते. वर्गणी थकली असेल तरी फोन करा. अशा वेळी थकबाकी नंतर वळती करून घेतात.

तिसरा म्हणजे बचत गट. घरातली बाई गटात असेल तर अंतर्गत कर्ज एका दिवसात मिळू शकतं आणि व्याज बाहेरच्यापेक्षा कितीतरी कमी असतं. पतसंस्था, शिक्षकांची पतपेढी, मच्छीमार सोसायटी यांच्याकडे सभासद कल्याण निधी किंवा मृत्यू फंड आहे का, तेही विचारा. ग्रामपंचायतीने स्वनिधीतून अशा मदतीचा ठराव केलेला असू शकतो. सरपंचांना विचारायला एक फोन पुरतो.

माणूस मुंबईत किंवा गोव्यात गेला. गावी आणायचा खर्च झेपेल का?

हा सगळ्यात जड प्रश्न आहे, कारण इथे पैशापेक्षा मन अडतं. 108 ची रुग्णवाहिका रुग्णांसाठी आहे, मृतदेहासाठी नाही. खासगी शववाहिका किलोमीटरवर पैसे घेते आणि रिकामी परतण्याचेही धरते. मुंबई ते सावंतवाडी म्हणजे एका बाजूने जवळपास 500 किलोमीटर. रुग्णवाहिकांचे दर आरटीओ ठरवून देतो, तेव्हा रुग्णालयाच्या दारात उभ्या असलेल्या पहिल्याच गाडीला हो म्हणू नका. दोन-तीन ठिकाणी विचारा, आकडा मेसेजवर लिहून घ्या, टोल आणि थांबण्याचे पैसे त्यात आहेत का ते आधीच ठरवा. राजकीय पक्षांच्या शाखा, गणेशोत्सव मंडळं आणि ट्रस्ट यांच्याकडे मोफत किंवा फक्त डिझेलवर शववाहिका असतात. मुंबई मंडळाच्या पदाधिकाऱ्यांना हे नंबर पाठ असतात.

पैसे खरोखर नसतील तर मुंबईतच अंत्यविधी करून अस्थी गावी आणणं यात काही उणं नाही. मुंबई महापालिकेच्या स्मशानभूमीत दहनासाठी लाकूड मोफत मिळतं. गावी दहावं करता येतं. आईवडील गावी असतील आणि त्यांना शेवटचं तोंड बघायचं असेल, तर मात्र वर्गणी काढून का होईना, आणावं असं मला वाटतं. तिथे हिशोब मागे ठेवावा.

सिंधुदुर्गातले अनेक रुग्ण गोव्यातल्या बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात नेले जातात. तिथे मृत्यू झाला तर नोंद गोव्यात होते आणि दाखलाही तिथलाच मिळतो. कोल्हापूरला किंवा केईएमला गेलेल्यांचंही तसंच. निघण्यापूर्वी रुग्णालयाकडून मृत्यूचा वैद्यकीय कागद घ्या आणि नोंद कुठल्या कार्यालयात होणार ते विचारून घ्या. त्यासाठी पुन्हा बांबोळीची फेरी मारायची म्हणजे एका दिवसाची मजुरी गेली.

बिल भरलं नाही म्हणून रुग्णालय मृतदेह देत नाही. काय करायचं?

बिलासाठी मृतदेह अडवता येत नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या रुग्ण हक्क सनदेत हे स्पष्ट आहे. बिल वसूल करायचे कायदेशीर मार्ग रुग्णालयाला मोकळे आहेत, पण मृतदेह हे तारण नव्हे. शांतपणे पण ठामपणे लेखी कारण मागा. दिलं नाही तर 112 वर फोन करा. जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात किंवा महापालिका हद्दीत असाल तर आरोग्य अधिकाऱ्यांकडे तक्रार करा. रुग्णालय धर्मादाय न्यासाचं असेल तर गरीब रुग्णांसाठी दहा टक्के खाटा मोफत आणि दहा टक्के सवलतीत राखीव असतात. रुग्ण दाखल असतानाच समाजसेवा अधीक्षकांना भेटून उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड दिलं, तर बिलाचा बोजा मुळात कमी होतो. ही गोष्ट नातेवाइकांना फार उशिरा कळते.

घरचे म्हणतात पोस्टमार्टेम नको, शरीराची चिरफाड नको. ऐकायचं का?

म्हातारं माणूस आजारपणाने घरात गेलं असेल तर पोस्टमार्टेमचा प्रश्नच येत नाही. पण माडावरून, पोफळीवरून किंवा आंब्यावरून पडून, फुरसं चावून, विजेचा धक्का लागून, वीज पडून, वहाळात बुडून, गाडीखाली येऊन मृत्यू झाला असेल, तर पोलिसांना कळवा आणि पोस्टमार्टेम होऊ द्या. सरकारी रुग्णालयात त्याचे पैसे लागत नाहीत.

हे मी इतक्या आग्रहाने लिहितोय, कारण नंतरच्या अडचणींची सुरुवात इथूनच होते. अंगणात पडलेला तुटलेला झाप, बाजूला कोयती, गडी खाली पडलेला. सगळ्या वाडीने बघितलेलं. तरीही "आता कशाला पोलीस" म्हणत संध्याकाळी अग्नी दिला जातो. महिन्याभराने विमा कंपनी विचारते, अपघात होता कशावरून? तेव्हा वाडीची साक्ष पुरत नाही. खबर, पंचनामा, पोस्टमार्टेमचा अहवाल हे तिन्ही कागद असतील तर लाखांची मदत मिळू शकते, आणि दहनानंतर यातलं पोस्टमार्टेम परत करता येत नाही. सापाच्या किंवा पडण्याच्या प्रकरणात माणसाला आधी दवाखान्यात नेलं असेल तर तिथल्या केसपेपरची प्रतही जपा. त्यावर दंशाचा किंवा उंचावरून पडल्याचा उल्लेख आहे का, ते तिथेच वाचून घ्या.

मृत्यूचा दाखला कुठे, किती दिवसांत?

मृत्यू जिथे झाला तिथल्या ग्रामपंचायतीत, नगरपरिषदेत किंवा महापालिकेत, 21 दिवसांच्या आत नोंद करा. मुदतीत नोंदीला शुल्क नाही. 30 दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून होते, त्यानंतर वरच्या अधिकाऱ्याची परवानगी लागते आणि वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांच्या आदेशापर्यंत प्रकरण जातं. गावात हे काम ग्रामसेवकांकडे असतं. त्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात.

माणूस घरीच गेला तर गावातल्या डॉक्टरांना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना बोलावून मृत्यूचं प्रमाणपत्र घ्या. विम्याला कारण लागतं. दाखल्याच्या आठ-दहा प्रती एकदमच काढा. बँक, एलआयसी, तहसील, पीएफ, सातबारा, वीजबिल, सगळीकडे एकेक जाते.

आधारवर एक नाव, सातबाऱ्यावर दुसरं. चालतं का?

चालत नाही, आणि कोकणात हा घोळ घरोघरी आहे. आधारवर "लक्ष्मण", सातबाऱ्यावर "लक्षुमन", बँकेत आडनावाऐवजी गावाचं नाव, विम्यात वारस म्हणून बायकोचं माहेरचं नाव. मृत्यूच्या दाखल्यावर काय नाव घालायचं ते ग्रामसेवकांना तोंडी सांगू नका. आधारकार्ड समोर ठेवा आणि अक्षर न् अक्षर तसंच लिहायला सांगा. दाखला हातात आल्यावर तिथेच वाचा. नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, तारीख, पत्ता. जुन्या कागदांवर वेगळं नाव असेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र करून ठेवा, ते जवळपास सगळीकडे चालतं. पत्नीच्या लग्नाआधीच्या नावासाठी विवाह नोंदणीचा दाखला उत्तम. नसेल तर शाळा सोडल्याचा दाखला आणि प्रतिज्ञापत्र.

20,000 रुपये मिळतात म्हणतात, ती योजना कोणती?

राष्ट्रीय कुटुंब लाभ योजना. कुटुंब दारिद्र्यरेषेखालचं असावं, आणि गेलेली व्यक्ती घरातली मुख्य कमावती, 18 ते 59 वयाची असावी. स्त्री असो वा पुरुष. मृत्यू आजाराने झाला की अपघाताने, फरक पडत नाही. एकदाच 20,000 रुपये मिळतात. अर्ज तहसील कार्यालयात संजय गांधी योजना शाखेत करायचा. मृत्यूचा दाखला, वयाचा पुरावा, दारिद्र्यरेषेच्या यादीतला दाखला, रेशनकार्ड, आधार आणि वारसाचं पासबुक सोबत न्या. तलाठ्यांचा, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांचा अहवाल लागतो, म्हणून आधी त्यांना भेटा. अर्जाची पोच शिक्क्यासह घ्या. पोच नसेल तर पाठपुरावा कशाच्या जोरावर करणार?

साठी ओलांडलेल्या आईवडिलांसाठी ही योजना नाही. हे ऐकून पुष्कळ जण निराश होतात, पण आधीच माहीत असलेलं बरं.

विमा होता का, हेच माहीत नाही. कसं शोधायचं?

पासबुक घ्या आणि मे-जूनच्या नोंदी बघा. 436 रुपये कापलेले दिसले तर प्रधानमंत्री जीवनज्योती विमा आहे: कुठल्याही कारणाने मृत्यू झाला तरी 2 लाख. त्याची नोंद 18 ते 50 वयात करता येते आणि संरक्षण 55 पर्यंत राहतं. नवीन नोंदणी असेल तर पहिल्या 30 दिवसांत अपघाताव्यतिरिक्तच्या मृत्यूला रक्कम मिळत नाही. 20 रुपये कापलेले दिसले तर सुरक्षा विमा आहे: अपघाती मृत्यूला 2 लाख, वय 18 ते 70. दोन्हीची मुदत 1 जून ते 31 मे अशी चालते. मे महिन्यात खात्यात पुरेशी शिल्लक नसेल तर हप्ता कापला जात नाही आणि विमा बंद पडतो. पण पासबुक भरून घेतल्याशिवाय "नव्हताच" असं समजू नका. जनधन खात्याच्या रुपे कार्डावरही अपघात विमा असतो, फक्त कार्ड अलीकडे वापरलेलं असण्याची अट आहे.

दावा त्याच शाखेत करायचा. लवकर करा, महिन्याच्या आत केलेला बरा. शाखेत "आमच्याकडे होत नाही" असं उत्तर मिळालं तर शाखाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच मागा. उत्तराचा सूर बदलतो.

एलआयसीची कागदं ट्रंकेत, देव्हाऱ्याखाली, कपाटातल्या साडीच्या घडीत सापडतात. गावातल्या एजंटालाही विचारा.

नोकरी किंवा मजुरी करणारा होता. कामावरून काय मिळतं?

पगारपत्रकावर ईएसआयची, म्हणजे कामगार विम्याची, कपात असेल, म्हणजे पगाराच्या 0.75 टक्के, तर अंत्यविधीच्या खर्चासाठी 15,000 रुपयांपर्यंत रक्कम मिळते. ती कुटुंबातल्या ज्येष्ठ व्यक्तीला किंवा प्रत्यक्ष खर्च केलेल्याला देतात. अर्ज तीन महिन्यांत करा. लोटे, महाड, रोहा इथल्या कारखान्यांत कंत्राटी कामगार असलेल्या घरांना हे बहुधा ठाऊकच नसतं, कारण कार्ड कंत्राटदाराकडे पडून असतं. ते मागा.

पीएफ असेल तर तीन गोष्टी वेगवेगळ्या आहेत: जमा रक्कम, कुटुंबाचं निवृत्तिवेतन आणि ठेवीशी जोडलेला विमा. विम्याची कमाल मर्यादा 7 लाख आहे. लोक पहिली घेतात आणि उरलेल्या दोन विसरतात.

बांधकाम कामगार मंडळात नोंद आणि नूतनीकरण झालेलं असेल तर नैसर्गिक मृत्यूला वारसाला 2 लाख आणि कामावर मृत्यू झाल्यास 5 लाख मिळतात. कामगार 50 ते 60 वयाचा असेल तर अंत्यविधीसाठी 10,000 वेगळे. चिरेखाणीवर, गवंडीकामावर, रस्त्याच्या कामावर जाणाऱ्यांनी नोंदणीची पावती घरात कुणाच्या तरी हवाली करून ठेवावी. नूतनीकरण चुकलं की दावा अडतो. घरकामगार मंडळात नोंद असलेल्या बाईच्या वारसांनाही अंत्यविधीसाठी 2,000 रुपये मिळतात. रक्कम छोटी आहे, पण हक्काची आहे.

शेतकरी होता. झाडावरून पडून, साप चावून किंवा पुरात गेला.

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून अपघाती मृत्यूला 2 लाख रुपये मिळतात. वय 10 ते 75. सातबाऱ्यावर नाव असलेला शेतकरी तर यात येतोच, शिवाय कुटुंबातली सातबाऱ्यावर नाव नसलेली एक व्यक्तीही येते. आपल्याकडे सातबारा अजून आजोबांच्या किंवा सामायिक नावावर असतो, त्यामुळे ही दुसरी तरतूद मोलाची आहे. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे 30 दिवसांत. सुतकात घराबाहेर पडायचं नाही म्हणून मुदत घालवू नका, चुलत भावाला अर्ज घेऊन पाठवा. आत्महत्या आणि नैसर्गिक मृत्यू यात बसत नाहीत.

पूर, दरड किंवा वीज पडून मृत्यू झाला तर महसूल विभागाकडून मृताच्या वारसाला 4 लाख रुपये मिळतात. तलाठ्यांच्या पंचनाम्यावर सगळं अवलंबून असतं. 2021 च्या जुलैमध्ये तळिये आणि 2023 च्या जुलैमध्ये इर्शाळवाडी इथे दरडी कोसळल्या, तेव्हा घरांबरोबर सगळे कागदही गाडले गेले. धोक्याच्या उतारावर राहणाऱ्यांनी आधार, पासबुक, सातबारा यांचे फोटो मुंबईतल्या मुलाच्या फोनवर ठेवावेत.

रानटी जनावराच्या हल्ल्यात, गव्याच्या, बिबट्याच्या, रानडुकराच्या किंवा दोडामार्गाकडे हत्तीच्या, मृत्यू झाल्यास वनविभागाकडून वेगळी आणि बरीच मोठी भरपाई मिळते. वनरक्षकाला लगेच, त्याच दिवशी कळवा. खुणा पुसल्या जाण्याआधी त्याने जागा बघायला हवी.

समुद्रात गेलेला परत आला नाही.

मृतदेह सापडला तर मत्स्यव्यवसाय विभागामार्फत मच्छीमारांच्या समूह अपघात विम्याचे 5 लाख रुपये मिळू शकतात. त्याचा हप्ता केंद्र आणि राज्य सरकार भरतं, मच्छीमाराला काही भरावं लागत नाही. पण त्याचं नाव विभागाकडे किंवा सोसायटीच्या यादीत असायला हवं.

मृतदेह सापडला नाही तर वाट फार लांबची आहे. सात वर्षं माणसाचा काही ठावठिकाणा लागला नाही, तरच कायदा त्याला मृत गृहीत धरतो. तोवर दाखला अडतो, आणि बाईचं आयुष्य दोन्हीकडून अडकतं. म्हणून पहिल्याच दिवशी पोलिसांत बेपत्ता झाल्याची नोंद, मत्स्यव्यवसाय परवाना अधिकाऱ्यांना लेखी खबर, बोटीवरच्या उरलेल्या खलाशांचे जबाब आणि शोधमोहिमेचे कागद जमवून ठेवा. तांडेल (बोटीवरचा प्रमुख) आणि बोटमालक यांचे जबाब लवकर घ्यावेत, खलाशी हंगाम संपला की आपापल्या गावी जातात. कागद भक्कम असतील तर सात वर्षांआधीही वकिलामार्फत न्यायालयात दाद मागायचा विचार करता येतो.

बोटीवर किंवा बागेत काम करणारा नेपाळी गडी गेला. त्याचं कोण करणार?

आधी मालक. कामावर असताना मृत्यू झाला तर नुकसानभरपाई ही मालकाची कायदेशीर जबाबदारी असू शकते, आणि अंत्यविधीचा खर्च त्यात वेगळा धरलेला आहे. आंब्याच्या बागा राखणारे आणि बोटींवर राबणारे हे लोक वर्षातले आठ महिने आपल्यात असतात. त्याच्या गाववाल्यांना बोलवा, घरी व्हिडिओ कॉल लावून द्या, घरच्यांना विचारून त्यांच्या रीतीने विधी करा. पोलिसांत नोंद आणि पोस्टमार्टेम इथे टाळू नका, त्याच्या बायकोमुलांचा हक्क त्यावर आहे. कुणीच नातेवाईक सापडला नाही तर पोलीस आणि स्थानिक संस्था मिळून अंत्यसंस्कार करतात.

हायवेवर अपघात झाला, गाडी पळून गेली.

पळून गेलेल्या गाडीचा पत्ता लागला नाही तरी मृताच्या वारसाला 2 लाख रुपये मिळतात. अर्ज अपघात जिथे झाला तिथल्या प्रांताधिकारी किंवा तहसील कार्यालयात. गाडी सापडली तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात सहा महिन्यांच्या आत दावा दाखल करा. सर्वोच्च न्यायालयाच्या 2017 च्या निकालानुसार त्या भरपाईत अंत्यविधीचे 15,000 रुपये धरले जातात, आणि ही रक्कम दर तीन वर्षांनी 10 टक्क्यांनी वाढते. रुग्णालयाच्या दारात येऊन कोऱ्या वकीलपत्रावर सही मागणाऱ्यांना घरी पाठवा.

आखातात किंवा जहाजावर मृत्यू झाला.

खेड, मंडणगड, श्रीवर्धन, म्हसळा भागातल्या घरांना हा प्रश्न नेहमी पडतो. मृतदेह पाठवायचा खर्च आधी तिथल्या कंपनीकडे किंवा कफीलकडे (कामाला बोलावणाऱ्या हमीदाराकडे) मागायचा. त्यांनी हात वर केले आणि घरची परिस्थिती नसेल, तर भारतीय दूतावासाच्या समुदाय कल्याण निधीतून मदत मागता येते. परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर तक्रार नोंदवा. इमिग्रेशन तपासणी लागणाऱ्या पासपोर्टवर कामाला गेलेला असेल तर प्रवासी भारतीय विमा असतो, अपघाती मृत्यूला 10 लाख. व्यापारी जहाजावरच्या खलाशाचा नोकरीत असताना मृत्यू झाला तर दफन किंवा दहनाचा खर्च जहाजमालकाने करायचा असतो, असं आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करार सांगतो. भरती करणाऱ्या मुंबईतल्या कंपनीकडे लेखी मागणी करा.

बारावं-तेरावं करायलाच हवं का? गाव काय म्हणेल?

दहन, अस्थी, दहाव्याचं पिंडदान यांचा खर्च थोडा असतो. खर्च वाढतो तो जेवणावळीने. सगळ्या वाडीला आणि सोयऱ्यांना पंगत घालायची म्हणजे तांदूळ, डाळ, भाजी, भांडी, मंडप, गॅस. माझं मत स्पष्ट आहे: कर्ज काढून पंगत घालू नये. भटजींना परिस्थिती सांगा, ते विधी थोडक्यात करतात. घरच्यांपुरता स्वयंपाक करा. वर्षश्राद्धाला परिस्थिती सुधारली तर तेव्हा वाडीला बोलवा. काही वाड्यांनी एकत्र बसून ठरवून टाकलंय की दुःखाच्या घरी फक्त चहा घ्यायचा. असा ठराव श्रीमंत घरांनी पुढाकार घेऊन केला तर टिकतो. गरिबाने एकट्याने जेवण टाळलं की त्याच्यावर बोट उठतं, हे आपण सगळे जाणतो. म्हणून ज्यांची ऐपत आहे त्यांनी आधी साधेपणा करावा.

मुस्लिम, बौद्ध, ख्रिस्ती कुटुंबांसाठी काही वेगळी सोय?

सरकारी योजनांत धर्माने फरक पडत नाही. त्या दिवसाची मदत मात्र आपापल्या संस्थेकडून येते. मुस्लिम मोहल्ल्यात मय्यतीच्या वेळी कफन, कबर खोदणं, जनाजा हे जमात सांभाळते, बहुतेक ठिकाणी गरीब घराकडून काही घेत नाही. बौद्ध वाड्यांत बौद्धजन पंचायत समितीची गावशाखा आणि तिची मुंबई शाखा मदतीला असते. जलदान विधी आणि शोकसभा साधेपणाने होतात. वेंगुर्ला-मालवण-सावंतवाडीकडच्या ख्रिस्ती कुटुंबांनी फादरना आणि पॅरिशच्या समितीला सांगावं, दफनभूमीचं शुल्क माफ होऊ शकतं.

मृताच्या खात्यातून एटीएमने पैसे काढले तर?

काढू नका. पिन माहीत असला, पैसे त्याच्याच अंत्यविधीला लागणार असले तरी. मृत्यूनंतर त्या खात्यावर वारसांचा हक्क असतो, आणि पुढे भावाभावांत वाद झाला की हाच व्यवहार दाखवला जातो. वारसनोंद असेल तर मृत्यूचा दाखला आणि ओळखपत्र देऊन बँक रक्कम देते. नसेल तर शाखाधिकाऱ्यांना विचारा, लहान रकमेसाठी न्यायालयाच्या वारस दाखल्याशिवाय सोपी पद्धत असते.

फोनवर वर्गणी मागायची तर कशी मागावी?

खातं जवळच्या वारसाचं किंवा मंडळाचं द्या, ज्याने गोळा केले त्याचं नाही. किती हवेत, कशासाठी, ते लिहा आणि पुरेसे झाले की "आता पुरे" असंही लिहा. आलेल्या पैशांचा हिशोब त्याच ग्रुपवर टाका. आणि एक सावधगिरी: मृत्यूची बातमी पसरल्यावर "तुमची 2 लाखांची रक्कम मंजूर झाली, प्रोसेसिंग फी भरा" असे फोन येतात. कुठल्याच सरकारी मदतीसाठी आधी पैसे भरायचे नसतात. ओटीपी सांगू नका.

देहदान केलं तर खर्च वाचतो का?

अंत्यविधीचा खर्च जवळजवळ राहत नाही, हे खरं. सिंधुदुर्ग, रत्नागिरी आणि अलिबाग इथे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, सावर्ड्याजवळ डेरवणलाही महाविद्यालय आहे. पण काही तासांत देह पोचवावा लागतो आणि पोस्टमार्टेम झालेला किंवा काही संसर्गजन्य आजारांचा देह घेत नाहीत. गेलेल्याची तशी इच्छा असेल तरच करा. पैशाच्या टंचाईपायी घरातल्या म्हाताऱ्या आईवर हा निर्णय लादू नका.

अंत्यविधी झाला, पण आता घर चालवायचं कसं?

विधवा पत्नीचं वय 65 च्या आत आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21,000 पर्यंत असेल तर संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून महिन्याला 1,500 रुपये मिळतात. अर्ज त्याच तहसील शाखेत, 20,000 च्या अर्जाबरोबरच द्या. शाळकरी मुलं असतील तर बालसंगोपन योजनेसाठी जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात जा. माजी सैनिकाचं घर असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात.

अर्ज फेटाळला. आता?

कारण लेखी मागा. "होत नाही" हे कारण नव्हे. बऱ्याचदा एखादा कागद कमी असतो किंवा नावातला फरक असतो आणि तो भरून काढता येतो. विमा कंपनीने नाकारलं तर आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे, मग एका वर्षाच्या आत विमा लोकपालांकडे जाता येतं. तिथे फी नाही आणि वकीलही लागत नाही.

न्यायालयात जायची वेळ आली तर तालुका विधी सेवा समितीत जा, ती तालुक्याच्या न्यायालयाच्या इमारतीतच असते. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना उत्पन्न न बघता आणि इतरांना वार्षिक 3 लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर वकील मोफत मिळतो. जाताना नाकारल्याचं पत्र, अर्जाची पोच आणि मृत्यूच्या दाखल्याची प्रत बरोबर ठेवा.